उन्हात तार मरत नाही

ओळंबेकाकांचं आडनाव ओळंबे नव्हतं. ते नाव गल्लीनं ठेवलं होतं, आणि इतकं चपखल बसलं की त्यांचं खरं आडनाव आता फक्त पोस्टमनला ठाऊक होतं. गवंडी ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का बघतो, तशी काकांची नजर ज्या घरात शिरेल तिथे आधी वाकडं काय आहे ते शोधायची. कुणाकडे चहाला गेले तर भिंतीवरचा फोटो सरळ केल्याशिवाय कपाला हात लावायचे नाहीत. एकदा डॉक्टर त्यांची छाती तपासत होते, तेव्हा काकांनी हळूच हात लांब करून मागचं कॅलेंडर नीट केलं. डॉक्टर म्हणाले, "काका, मोठा श्वास घ्या, आणि कॅलेंडर राहू द्या."

काकांनी उभा जन्म वायरमन म्हणून काढला होता. खांबावर चढले, भिंती फोडल्या, अर्ध्या गावाच्या घरांत तारा ओढल्या, आणि त्यातली एकही तार कधी वाकडी गेली नाही. माणूस धांदरट मुळीच नव्हता. उलट त्यांच्या सावधपणाची लोक थट्टा करायचे. मेन फ्यूज काढला की तो पेटीवर ठेवायचा नाही, स्वतःच्या खिशात टाकायचा, कारण काम चालू असताना कुणीतरी शहाणा येतो आणि परत लावतो. तारेला हात लावायच्या आधी टेस्टर लावून बघायचा. ओल असेल तर काम करायचंच नाही, सगळं खडखडीत वाळेपर्यंत थांबायचं. आणि खाली धरायला माणूस असल्याशिवाय शिडीवर पाय ठेवायचा नाही. या चार गोष्टींनी त्यांना पिकल्या केसांपर्यंत आणून सोडलं होतं, आणि घरात शिडी धरायला माणूस म्हणजे अर्थातच काकू.

काकू ब्लाउज शिवायच्या. त्यांना विजेतलं ओ का ठो कळत नव्हतं, पण वायरमनमधलं सगळं कळत होतं. वादळ झालं की हा माणूस खांबावर आहे आणि आपण खिडकीत, असं अर्धं आयुष्य गेलेलं. ते निवृत्त झाले त्या दिवशी काकूंनी कुणाला काही सांगितलं नाही, पण दार लावून घेऊन पोटभर रडल्या होत्या, आनंदानं.

तर या दोघांची एकुलती एक मुलगी ठिणगी. हे टोपणनाव काकांनीच ठेवलं. वायरमनला ठिणगी म्हणजे खरं तर अपशकुन, पण पोरगी जन्मल्या जन्मल्या अशी कडाडली की दुसरं नाव सुचलंच नाही म्हणे. ती बापाच्या मांडीवर पक्कड धरायला शिकली आणि मोठी होऊन सोलरवाल्या कंपनीत लागली. आता गावाच्या दुसऱ्या टोकाला नवऱ्याबरोबर राहायची आणि दिवसभर लोकांच्या छपरांवर असायची. कंपनीनं तिला एकटीनं काम करायची परवानगी दिली तेव्हा तिनं पहिलं सोलर बसवलं ते आईबापाच्या गच्चीवर. लोखंडी स्टँड चांगला उंच केला, कारण खाली आईची कपडे वाळत घालायची दोरी होती आणि ती हलवायची नाही असं काकूंनी बजावलं होतं. वर पॅनेल, खाली साड्या. उतरत्या उन्हात गच्ची मोठी सुंदर दिसायची.

काकांनी सगळं काम खुर्चीवर बसून बघितलं. मधे मधे "हं" म्हणाले. मुलगी गेल्यावर मान वर करून पॅनेलच्या पाठीकडे बघत बसले आणि म्हणाले, "चांगलं केलंय. पण तारा बघ."

"काय झालं तारांना?"

"लोंबतायत. प्रत्येक जोडाखाली पोट सुटलंय. घाई केली पोरीनं."

पुढच्याच आठवड्यात काकांनी बाइंडिंग वायरचं वेटोळं आणलं. एका ढगाळ संध्याकाळी शिडी लावली आणि लोंबणाऱ्या तारा ओढून, ताणून, लोखंडी स्टँडच्या कडेला घट्ट बांधून टाकल्या. काकूंनी शिडी धरली. खाली उतरल्यावर काका कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आता कशा दिसतात?" काकूंना त्या आधीही तारांसारख्या दिसत होत्या आणि आताही तारांसारख्याच दिसत होत्या, पण इतक्या वर्षांच्या संसारात कुठे काय बोलायचं हे त्या शिकल्या होत्या. "झकास," म्हणाल्या. ठिणगीला सांगायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही. बापानं मुलीच्या फ्रॉकचं सुटलेलं बटण लावावं, त्यात सांगण्यासारखं काय असतं?

थंडी पडली, पहाटे दव पडायला लागलं आणि जिन्याजवळच्या भिंतीवरचा, पॅनेलची वीज घराला पुरवणारा पांढरा इन्व्हर्टर रुसायला लागला. सकाळी लाल दिवा लावायचा, टीं टीं करायचा आणि काम करायचा नाही. उन्हं वर आली की आपोआप लाल दिवा जायचा, हिरवा लागायचा आणि स्वारी कामाला लागायची. दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. काकू म्हणायच्या, "याला सकाळी उठायचा कंटाळा आहे. आमच्या धाकट्या दिरासारखा."

ठिणगी धावतपळत आली. इन्व्हर्टर तपासला, पॅनेलच्या तारा जिथे उतरतात ती गच्चीच्या भिंतीवरची स्विचची पेटी तपासली, जमिनीत गाडलेलं अर्थिंग तपासलं. सगळं ठीक. वर चढून बघायला तिला वेळ नव्हता, कंपनीची गाडी खाली हॉर्न वाजवत होती. पण तिचा चेहरा पार उतरला होता.

"आई, कुठेतरी वीज गळतेय. ओल आली की तारेतून लोखंडात उतरतेय. हे यंत्र रोज सकाळी सुरू होण्याआधी तेच तपासतं आणि गळती दिसली की सुरूच होत नाही. ते रुसत नाही गं, ते आपल्याला वाचवतंय. तू सकाळी दोरीवर कपडे घालू नकोस. त्या लोखंडाला हात लावायचा नाही."

"आणि ही गळती झाली कशानं?"

"माझ्याच हातून काहीतरी राहिलंय." ती पायात बूट घालता घालता म्हणाली. "साहेबांना सांगितलंय मी, हे सापडेपर्यंत मला एकटीला काम देऊ नका. स्वतःच्या आईबापाच्या घरी चुकले, लोकांच्या घरी काय करीन?" मग उठून ती बापासमोर उभी राहिली. "बाबा, रविवारी येते आणि वर चढून सगळं बघते. तोवर तुम्ही हात लावायचा नाही. फ्यूज काढला तरी नाही. हे घरचं लाइट नाही. फ्यूज काढला की घर मरतं, पॅनेल मरत नाही. ऊन आहे तोवर तार जिवंत."

काकांनी मान डोलावली. कशी, तर वैद्याला कुणी घरगुती काढा सांगितला की तो डोलावतो तशी. काकूंनी ती मान बघितली आणि त्यांना भीती वाटली, हा माणूस ऐकायचा नाही.

त्यांची भीती खोटी नव्हती. मुलीचा उतरलेला चेहरा काकांच्या डोळ्यांपुढून हलेना. जेवताना नाही, झोपताना नाही. पोर स्वतःला नावं ठेवतेय आणि आपण, एवढे जुने वायरमन, खुर्चीवर बसून बघतोय! रविवार यायच्या आतच एका सकाळी त्यांनी हत्यारांची पिशवी खुंटीवरून काढली.

"मला कळलंय काय आहे ते," काका म्हणाले. "ते प्लॅस्टिकचे जोड. खेळण्यातल्यासारखे टचकन लावायचे. त्यात ओल जाते. दोन्ही तारा एकदम कापतो, जुन्या पद्धतीनं पीळ मारतो, वर टेप. पोरीला कळायच्या आत काम फत्ते."

"तिनं नको म्हटलंय ना?"

"अगं, मी काय आज शिकतोय? घाई करणार नाही. ओल आहे तोवर हात लावणार नाही."

आणि खरोखरच ते थांबले. सकाळभर वर्तमानपत्र वाचलं, दव उडायची वाट बघितली, गच्ची पायानं चाचपून आले. ऊन अगदी डोक्यावर आलं, सगळं खडखडीत वाळलं, तेव्हा उठले. मेन फ्यूज काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. घरातला पंखा थांबला, काकूंच्या शिलाई मशीनची मोटर गप्प झाली. गच्चीत जाऊन त्यांनी भिंतीवरची पेटी उघडली, आतल्या स्क्रूंना एकेक करून टेस्टर लावला. टेस्टर पेटला नाही. "मेलेली आहे," ते म्हणाले. मग स्टँडला शिडी उभी केली, पक्कड मागच्या खिशात खोचली आणि नेहमीसारखी हाक मारली, "अगं, धरतेस ना?"

काकू अर्धा शिवलेला ब्लाउज हातात घेऊनच वर आल्या. वर लखलखीत ऊन होतं. पॅनेलच्या काचांकडे बघवत नव्हतं. ऊन आहे तोवर तार जिवंत, असं पोरीनं सांगितलं होतं, आणि या क्षणी गच्चीवर उन्हाशिवाय दुसरं काही नव्हतं. नवऱ्याच्या खिशात फ्यूज होता, टेस्टर पेटला नव्हता, ओल नव्हती. त्यांनी सगळं अगदी बरोबर केलं होतं. काकूंना त्याचीच धडकी भरली. धांदरट माणसाला ओरडून थांबवता येतं, पण इतक्या नेमानं, इतक्या शांतपणे मरणाकडे निघालेल्या माणसाला काय सांगणार?

"धरत नाही," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे धरत नाही. ठिणगी येऊ दे."

काका हसले. "बरं, मग मी तसाच चढतो," असं म्हणून त्यांनी पाय उचलला. त्यांच्या जन्मात त्यांनी ही गोष्ट कधी केली नव्हती, आणि आताही ते करणार नव्हते, नुसती धमकी होती. पण काकूंना ती खरी वाटली. त्या पुढे झाल्या आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर चक्क बसल्या. नुसत्या बसल्या नाहीत, मांडीवर ब्लाउज घेतला, सुई काढली आणि हूक लावायला लागल्या.

"अगं, हे काय?"

"हूक लावतेय. तुम्हाला वर जायचं असेल तर माझ्या डोक्यावरून जा."

"लोक बघतील!"

"बघू दे. म्हणतील, ओळंबेकाकूंना आता शिडीवर बसून शिवायची हौस आली."

पलीकडच्या गच्चीवर कुणीतरी पापणी न हलवता बघतच होतं. काका लालबुंद झाले. आधी चिडले, मग समजावून बघितलं, मग "मला एवढंही कळत नाही असं तुला वाटतं का?" असं विचारलं. हे विचारताना त्यांचा आवाज जरा चिरकला. काकूंच्या मनाला ते फार लागलं. त्यांना उठून म्हणावंसं वाटलं, तुम्हाला सगळं कळतं हो, गावात तुमच्यासारखा कुणी नाही. पण उठल्या असत्या तर तो माणूस वर चढला असता. म्हणून त्या बसूनच राहिल्या आणि एका हातानं त्यांनी मुलीला फोन लावला.

"कुठे आहेस? तुझे बाबा तारा कापायला निघालेत. फ्यूज काढलाय, टेस्टर पेटत नाहीये, आणि मी शिडीवर बसलेय."

ठिणगी म्हणाली, "आई, उठू नकोस. मी निघालेच."

ती आली तेव्हा काकूंचे सगळे हूक लावून झाले होते आणि काका पाण्याच्या टाकीच्या सावलीत पाठ फिरवून बसले होते. ठिणगीनं काही आरडाओरड केली नाही. पिशवीतून जाड रबरी हातमोजे काढून घातले, पेटी उघडली, मीटरच्या दोन सुया दोन स्क्रूंना लावल्या आणि मीटरचा चेहरा बापाकडे वळवला.

काकांनी चष्मा वर केला. आकडा बघितला. साडेतीनशे व्होल्टच्या वर होता. त्यांनी खिशाला हात लावला. फ्यूज तिथेच होता.

"मीटर बिघडलाय तुझा."

"नाही बाबा."

"माझा टेस्टर पेटला नाही."

"तुमचा टेस्टर एका तारेतून तुमच्या अंगातून जमिनीत जरासा करंट जातो म्हणून पेटतो. घरच्या लाइटचं नातं जमिनीशी असतं. या तारांचं जमिनीशी काही नातं नाही, त्यांचं नातं फक्त एकमेकींशी. एकटीला टेस्टर लावला तर ती गप्प बसते. पण पकडीत दोन्ही एकदम आल्या असत्या..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. मग सावकाश म्हणाली, "आणि ही वीज घरच्या विजेसारखी तटकन तुटत नाही. पक्कड बाजूला घेतली तरी ठिणगी तशीच जळत राहते, वेल्डिंगसारखी. तुम्ही शिडीवर, तोंडासमोर पेटलेला जाळ. बाबा, मी येते वेळी सगळा रस्ता तेच बघत आले."

काका त्या आकड्याकडे बघत राहिले. खिशातून फ्यूज काढून त्यांनी तळहातावर घेतला आणि त्याच्याकडे असं बघितलं की जणू घरच्याच माणसानं दगा दिला.

"म्हणजे मी दव उडायची वाट बघत थांबलो..."

"तेव्हाच तर ती सगळ्यात जोरात असते."

काकू शिडीवरून उठल्या, गुडघे धरून सरळ झाल्या, आणि त्यांना एकदम रडू आलं. ठिणगीनं एका हातानं आईला धरलं, दुसऱ्या हातानं पेटी बंद केली, आणि तिघंही खाली चहाला गेली. फ्यूज परत लावला गेला. पंखा फिरायला लागला.

ऊन उतरल्यावर ठिणगी वर चढली. त्याआधी तिनं खालचे सगळे स्विच बंद केले, पेटीला स्वतःचं कुलूप घातलं, मोजे घातले. शिडी काकूंनी धरली आणि काका दोन पावलं मागे, हात पाठीशी बांधून उभे राहिले. वरून काही वेळ नुसता टॉर्चचा उजेड इकडेतिकडे फिरत होता. मग ती थांबली.

"आई, या तारा कुणी ताणल्यात?"

काकूंनी शिडी अजूनच घट्ट धरली. आता आपलं नाव येणार हे त्यांना कळलं. चोराच्या मागे शिडी धरणाराही चोरच.

"मी," मागून काका म्हणाले.

"बाइंडिंग वायरनं?"

"लोंबत होत्या. वाईट दिसत होतं."

"लोखंडाच्या धारेवर आवळलंय बाबा. कातडं कापलंय तारेचं. आतलं तांबं दिसतंय. दव पडलं की इथूनच लोखंडात उतरत होती." ती वरच्या पायरीवर तशीच उभी राहिली, आणि मग तिच्या आवाजात जे आलं ते ऐकून काकू वर बघायला लागल्या. पोरगी हसत होती. रागानं नाही, खरोखर हसत होती, डोळे पुसत होती. "म्हणजे मी चुकले नव्हते! आई, माझ्या हातून काही राहिलं नव्हतं गं!"

किती रात्री तिनं स्वतःच्या हातांकडे बघत काढल्या असतील, ते त्या हसण्यातून काकूंना कळलं. काकांनाही कळलं असावं. ते पुढे आले आणि मान वर करून उभे राहिले.

"पण तू त्या लोंबत्या का सोडल्या होत्यास? तुला सरळ ओढता येते तार. मीच शिकवलंय."

"मुद्दाम. पाऊस पडला, दव पडलं, की पाणी तारेवरून घरंगळत जोडाकडे जातं. मधे झोळ ठेवला की थेंब झोळाच्या तळाशी येतो आणि गळून पडतो, जोडात शिरत नाही." मग ती जरा थांबून म्हणाली, "बाबा, खांबावरून घरात येणाऱ्या तारेला तुम्ही स्वतः झोळ ठेवता की. भिंतीत शिरायच्या आधी. मी तुमचंच बघून शिकले."

हे मात्र काकांना फार खोलवर जाऊन लागलं, मीटरच्या आकड्यापेक्षाही. शेकडो घरांच्या भिंतींबाहेर त्यांनी तो झोळ ठेवला होता, पाणी आत जाऊ नये म्हणून. शिकाऊ पोरानं तो ओढून सरळ केला तर त्याच्या कानाखाली वाजवली असती.

"खरंय," ते म्हणाले. "मला ठाऊक होतं ते." आणि मग जमिनीकडे बघत, पण स्पष्ट म्हणाले, "माझ्या हातचा असता तर मी त्याला शहाणपण म्हटलं असतं. तुझ्या हातचा होता म्हणून मला वाटलं, पोरीनं घाई केली."

ठिणगी शिडीवरून खाली आली. बापाजवळ गेली आणि काही न बोलता त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकवून उभी राहिली. मग कापलेली तार बदलायला नवीन तार हवी म्हणून काकाच तिचं वेटोळं आणायला खाली गाडीपाशी गेले, जिन्यावरून नेहमीपेक्षा हळू.

दुसऱ्या दिवशी दव पडलं, इन्व्हर्टरनं सकाळी हिरवा दिवा लावला, आणि आठवड्याभरानं ठिणगीनं साहेबांकडून एका शाळेच्या छपराचं काम मागून घेतलं. सगळं छान झालं असंच कुणीही म्हटलं असतं. पण काकूंचा जीव अजून टांगणीला होता. त्यांना जित्याची खोड ठाऊक होती. आज पोरीसमोर मान खाली घातली, उद्या पोर नसताना काय? गावात आता घरोघरी सोलर लागत होतं, आणि कुणाचंही काही बिघडलं की पहिली हाक ओळंबेकाकांना जायची. हाक आली आणि काका गेले नाहीत, असं कधी झालं नव्हतं. आपण किती गच्च्यांवर किती शिड्यांवर जाऊन बसणार?

ती हाक आलीच. कोपऱ्यावरचा बेकरीवाला भर दुपारी घाम पुसत दारात आला. काकू आतल्या खोलीत मशीनवर होत्या.

"काका, चला ना जरा. छपरावरचा सोलरचा एक जोड सुटून लोंबतोय. काळा पडलाय. दोन मिनिटांचं काम आहे, मेन फ्यूज काढूनच आलोय मी, हा बघा, खिशात आहे."

काकूंनी मशीन थांबवलं. त्यांना वाटलं, आता खुंटीवरून पिशवी काढल्याचा आवाज येणार. पाय उचलून त्या दाराशी जायला निघाल्या आणि अर्ध्यातच थांबल्या.

"खिशात फ्यूज आहे म्हणून काय झालं?" काकांचा आवाज आला, अगदी मास्तरी. "ऊन दिसतंय ना बाहेर? ऊन आहे तोवर ती तार मरत नाही. वर कोणी चढलंय का?"

"पोऱ्याला सांगितलंय जरा बघ म्हणून..."

"आधी फोन कर आणि त्याला खाली उतरव. आत्ता. माझ्यासमोर."

फोन झाला. पोऱ्या खाली उतरला. मग बेकरीवाला म्हणाला, "पण तुम्ही येऊन बघा ना काका. तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

"ह्यातलं मला कळत नाही," ओळंबेकाका म्हणाले. "मी त्या तारेला हात लावणार नाही. माझ्या मुलीला कळतं. ती संध्याकाळी शाळेवरून मोकळी होईल, तिला सांगतो. तोवर छपरावर जायचं दार लावून घे आणि किल्ली तुझ्याजवळ ठेव."

"तुम्ही असताना मुलीला कशाला त्रास?"

"अरे, सांगतोय ना, तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं."

बेकरीवाला गेला. काका बाहेरच्या खोलीत एकटेच बसून मुलीला फोन लावत होते, आणि काकू आतल्या खोलीत मधोमध उभ्या होत्या. इतक्या वर्षांत हा माणूस कामावर निघाला की त्यांच्या छातीत काहीतरी घट्ट व्हायचं आणि तो परत येईपर्यंत तसंच राहायचं. ते काय होतं, हे त्यांना आज पहिल्यांदा नीट कळलं, कारण ते सुटलं होतं. बाहेर काका फोनवर म्हणत होते, "मी येऊ का बरोबर? नाही, हात नाही लावणार. नुसता बघायला. तू म्हणालीस तरच."